यवतेश्वर घाटाची किर्द: 15 आठवड्यांच्या नोंदी

मी साताऱ्यात एका पतसंस्थेत हिशेब बघते. वय 42. गेल्या वर्षी कशीबशी 10 कि.मी. धावले आणि त्या भरात यंदा, म्हणजे 2025 ला, सातारा हिल हाफ मॅरेथॉनला नाव नोंदवलं. ही शर्यत 2012 पासून होते. अंतर 21 कि.मी., शहरातून निघून यवतेश्वरचा घाट चढायचा आणि त्याच वाटेने उतरायचं. तयारी सगळी पावसाळ्यात, कारण शर्यत सप्टेंबरात.

कुठल्या आठवड्यात किती धावायचं याची वेळापत्रकं ढीगभर मिळतात, ती इथे लिहीत नाही. माझं गाडं अडतं ते पहाटे पाचला, अंथरुणात. त्याच्याच या नोंदी. ऑफिसात रोज संध्याकाळी किर्द, म्हणजे दिवसाच्या जमा-नावेची वही, जुळवायची सवय, म्हणून तशीच 200 पानी वही केली. घराबाहेर पडले तर जमा. गजर बंद करून झोपले तर नावे. किती धावले, किती वेगाने, हे मागच्या पानांवर.

1 जून, रविवार

5 कि.मी. जमा. उत्साह इतका की संध्याकाळी तक्ता आखून फ्रिजवर चिकटवला. धावले तर हिरवी टिकली, नाही धावले तर लाल फुली. बूट 4,999 रुपयांचे घेतले. इअरफोन 1,799 चे घेतले, त्यात हिंमत वाढवणारी भाषणं भरली. शहरातल्या धावणाऱ्यांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये शिरले. आम्ही 11 जण, सगळे याच शर्यतीची तयारी करणारे. पाऊस मे महिन्यातच येऊन बसलाय.

9 जून, सोमवार

भाषणं तीनदा ऐकून झाली. चौथ्या वेळी त्या माणसाच्या आवाजाचाच राग यायला लागला. तो सांगतो, तुझ्या आत वाघ आहे. असेल, पण त्या वाघाला सकाळचे दोन डबे करून साडेनऊला काउंटर उघडायचं असतं.

18 जून, बुधवार

रविवारी इअरफोन पावसात गेले. पाणी गेल्यावर वॉरंटी लागू होत नाही, हे खोक्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. 1,799 नावे. त्याहून मोठं नुकसान म्हणजे पुढचे दोन दिवस "गाणी नाहीत, कशी धावू" या सबबीवर घालवले. मे महिन्यात गाण्यांशिवायच धावत होते, हे तेव्हा आठवलं नाही.

22 जून, रविवार

तीन आठवड्यांचा ताळा केला. ठरवलेले दिवस 12. जमा 7, नावे 5. नावेच्या पाचही नोंदींसमोर कारण लिहिलं होतं: पाऊस 1, रात्री झोपायला उशीर 2, "गाणी नाहीत, उद्या दुप्पट करू" 2.

ताळ्यात एक गोष्ट दिसली ती आधी लक्षात आली नव्हती. रविवारचं लांबचं धावणं एकदाही चुकलेलं नाही. बुडाले ते मंगळवार-गुरुवारचे 4-5 कि.मी.वाले दिवस. मोठ्या रकमेचं व्हाउचर सगळे तीनदा तपासतात आणि चहापाण्याच्या खर्चातच घोळ होतो, तसंच हे. छोटं धावणं बुडालं तर काय बिघडतं, असं मन म्हणतं, आणि एका दिवसापुरतं ते खरंही असतं. म्हणून तर फसायला होतं.

लाल फुल्यांमुळे एक गंमत झाली. पाच लाल फुल्या झाल्यावर मी फ्रिजकडे बघणं टाळायला लागले. दूधसुद्धा मान वळवून काढायचे. तक्ता काढून टाकला.

29 जून, रविवार

आजचं 12 ठरलं होतं, झालं 8. चूक रस्ता निवडण्यात झाली. घराभोवतीचा 4 कि.मी.चा वळसा तीनदा मारायचा ठरवला होता, सुरक्षित आणि ओळखीचा म्हणून. पहिल्या फेरीत घर आलं, पुढे गेले. दुसऱ्या फेरीत घर आलं तेव्हा वरून आल्याच्या चहाचा वास येत होता. म्हटलं, नुसतं पाणी पिऊन येते. बूट काढले नाहीत, दारातच बसले. सासूबाईंनी कप हातात दिला. बस, तिथेच संपलं. अर्ध्या तासाने पाहिलं तर पायाखाली पाण्याचं थारोळं आणि मी पेपर वाचतेय.

6 जुलै, रविवार

आषाढी एकादशी. उपवास केला आणि पहाटे धावायलाही गेले. आदल्या रात्री दडपून साबुदाण्याची खिचडी खाल्लेली. सहाव्या कि.मी.ला छातीत जळजळ, सातव्याला दाण्याचे ढेकर. चालत परत. बाहेर पडले म्हणून नोंद जमा, पण पुढच्या वर्षी एकादशी आणि लांबचं धावणं यातलं एकच.

ग्रुपमधले सहा जण गळाले. उरलेले सूर्योदयाची चित्रं पाठवतात. मी काही न बोलता ग्रुप सोडला.

8 जुलै, मंगळवार

ही नोंद जरा लांबते.

आमच्या बिल्डिंगच्या मागच्या गल्लीत एक 19 वर्षांची पोरगी आहे, पोलीस भरतीची तयारी करतेय. मैदानी चाचणी 50 गुणांची, त्यात मुलींना 800 मीटर धावण्याचे 20. तिची आई तिला पहाटे एकटीला सोडत नाही आणि आईचं काही चुकत नाही. आम्ही दोघींनी काय काय ऐकलंय या रस्त्यांवर, ते इथे लिहीत बसत नाही. तर काल तिची आई घरी आली. म्हणाली, "ताई, तुम्ही जाताच की पहाटे. हिला सोबत न्या. तुम्ही असला तर मी सोडते." मी हो म्हटलं. मनात आलं, हिला माझ्या नावेच्या नोंदी माहीत नाहीत.

आज पाचला गजर झाला. पाऊस. मी तो बंद केला आणि कूस बदलली. सव्वापाचला खालून हाक आली, "काकूऽऽ!" आम्ही दुसऱ्या मजल्यावर. पहिल्या मजल्यावरचे आजोबा रात्री दोनशिवाय झोपत नाहीत आणि मग कुणाचंच ऐकून घेत नाहीत. दुसरी हाक यायच्या आत मी बूट हातात घेऊन जिना उतरले. नाड्या खाली बांधल्या.

तिला म्हटलं, अगं, केवढा पाऊस आहे. ती म्हणाली, "पाऊस हाय म्हणून भरती थांबतीया व्हय?"

11 जुलै, शुक्रवार

चार दिवसांत तीन जमा. गंमत म्हणजे आम्ही एकत्र धावतसुद्धा नाही. ती शाहू स्टेडियमवर 400 आणि 800 मीटरचे तुकडे मारते, मी बाहेरच्या रस्त्याने फेऱ्या घेते. नुसतं जाताना बरोबर आणि येताना बरोबर. मी नाही गेले तर तिचा दिवस बुडतो. माझा बुडाला तर मी स्वतःला माफ करते, त्यात माझा हात कुणी धरणार नाही. तिचा बुडवायची मात्र लाज वाटते.

13 जुलै, रविवार

चहाच्या वासावर उपाय सापडला. एसटी.

सातारा स्टँडवरून पहाटे कोरेगावच्या बाजूची गाडी धरायची, अलीकडेच उतरायचं आणि धावत घरी यायचं. घर वाटेत येतच नाही, शेवटालाच येतं. मधेच सोडून द्यायचं म्हटलं तरी भर पावसात थांब्यावर उभं राहून गाडीची वाट बघावी लागते, त्यापेक्षा धावणं बरं. बायकांना मार्च 2023 पासून एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे खर्च म्हणावा तर एका चहा-क्रीमरोलचा.

कंडक्टर म्हणाले, "एवढ्या सकाळी काय काम काढलं?" म्हटलं, काही नाही, परत यायचंय. त्यांनी माझ्या बुटांकडे बघितलं आणि तिकीट फाडलं. 14 किलोमीटरच्या दगडाशी सोडता का विचारलं, तर म्हणाले, गाडी थांब्यावरच थांबती. घरी पोचल्यावर घड्याळात 13.6 भरले.

या वाटेवरचे दगड खूप कामाला आले. "सातारा" आणि खाली आकडा, प्रत्येक दगडाला एकेक कमी होत जाणारा. शहराबाहेर धावत जाताना आकडे वाढत जातात आणि जीव दडपतो. परतीच्या तोंडाने धावलं की तेच दगड आपल्या बाजूचे होतात.

माहुलीजवळ कुत्री मागे लागली, चार. संगम माहुलीला शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याची समाधी आहे, त्याचे हे वंशज असावेत अशा रुबाबात आली. धावत राहणं ही चूक. थांबले, त्यांच्याकडे तोंड केलं, वाकून दगड उचलल्यासारखं केलं आणि पुढची शंभर पावलं चालले. कुत्री गेली. मिनिटभर गेला असेल.

20 जुलै, रविवार

पहिल्यांदा घाट. समर्थ मंदिर, बोगद्याचा परिसर, तिथून वर.

मी खांब मोजायचं ठरवून गेले होते. विजेचे तीन खांब धावायचं, एक चालायचं. कुणीतरी सांगितलं होतं, आणि सपाटीवर ते बरं चाललंही होतं. घाटात पहिल्या अर्ध्या कि.मी.त फसलं. कारण घाटात खांब दिसतात ते वर, आणि त्यांच्या वरचे, आणि वळणापलीकडे डोंगरावर टांगल्यासारखे आणखी वरचेही. मोजायला मान वर केली की सगळी चढण एकदम अंगावर येते. दोनदा थांबले. परत फिरायचा विचार केला.

मग धुकं उतरलं. असं की पुढचा खांबसुद्धा दिसेना, फक्त रस्त्याकडेचे दोन-तीन पांढरे कठडे आणि पायाखालचं वाहतं पाणी. डाव्या हाताला कुठेतरी धबधब्याचा आवाज, दिसत काहीच नाही. मोजायला काही उरलं नाही म्हणून मोजणं सोडलं. मधे एकदा पर्यटकांची गाडी दिवे लावून गेली तेवढीच. रस्ता सपाट झाल्यासारखा वाटला तेव्हा कळलं, यवतेश्वर आलं. तेवढ्यात एकदाही थांबले नव्हते.

22 जुलै, मंगळवार

धुक्याची नक्कल करून पाहिली. नवऱ्याची पुढे झडप असलेली टोपी घेतली आणि झडप इतकी खाली ओढली की समोरची दहा-बारा फूटच जमीन दिसावी. अजिंक्यताऱ्याच्या चढावर गेले. चाललं. पावसाचं पाणीही डोळ्यांत जात नाही. सगळ्या तयारीतली ही सगळ्यात स्वस्त वस्तू, आणि तीही उसनी. वाहनांचा रस्ता असेल तिथे मात्र हे करू नका. झडप खाली असताना समोरून काय येतंय ते उशिरा कळतं. मी उजव्या कडेने, समोरच्या वाहनांकडे तोंड करून जाते आणि 350 रुपयांचा चमकणारा पट्टा घालते.

27 जुलै, रविवार

एसटीने गेले, 15 जमा. पण आल्यावर फोनवर इतरांच्या धावण्याचे आकडे बघत बसले आणि अख्खा रविवार कडू झाला. ओळखीची एक बाई 18 धावली, तेही माझ्यापेक्षा मिनिटभर पुढच्या वेगाने.

नवरा म्हणाला, तुलना करायचीच तर लहान कशाला करतेस, ललिता बाबरशी कर. माण तालुक्यातल्या मोहीची, म्हणजे आपल्याच जिल्ह्याची. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये 3000 मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठली, दहावी आली. प्राथमिक फेरीत 9 मिनिटं 19.76 सेकंद, वाटेत अडथळे आणि पाण्याचा खड्डा धरून. मी आकडेमोड केली. तेवढ्या वेळात मी दीड कि.मी.च्या अलीकडेच असते, सपाट रस्त्यावर, अडथळ्यांशिवाय. हसू आलं आणि कडवटपणा गेला. फोनमधलं ते अ‍ॅप काढून टाकलं. घड्याळ आहे, वही आहे.

3 ऑगस्ट, रविवार

शहाणपणा केला. बामणोलीकडे जाणारी गाडी धरून कासच्या रस्त्याला वर उतरले आणि घाट नुसता उतरत घरी आले. पंखच फुटले. आजवरचा सगळ्यात भारी वेग. वहीत तीन उद्गारचिन्हं काढली आहेत.

5 ऑगस्ट, मंगळवार

उजव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला सुरी फिरवल्यासारखी कळ. जिना चढताना नाही, उतरताना. फिजिओथेरपिस्ट म्हणाल्या, उतारावर प्रत्येक पावलाला पाय ब्रेक मारत असतो, आणि तुम्ही सवय नसताना दहा-बारा कि.मी. सलग ब्रेक मारलेत. दहा दिवस धावणं बंद. तीन भेटींचे 1,200.

ती तीन उद्गारचिन्हं तशीच ठेवली आहेत.

6 ते 16 ऑगस्ट

धावणं शून्य. पण जमा 8.

अशा वेळी आधी काय झालं असतं ते मला माहीत आहे. दहा दिवसांचे वीस झाले असते. यावेळी हाक मारणारी खाली उभी होती. पहिल्या दिवशी खिडकीतून सांगितलं, गुडघा दुखतोय. ती म्हणाली, "मग चालत चला की. घड्याळ लावायला कुणीतरी पायजेच." ते आठ दिवस सव्वापाचला उतरले, चालत मैदानावर गेले, पायरीवर छत्री धरून बसले आणि तिच्या 800 मीटरच्या वेळा वहीत लिहिल्या. 3:21, 3:17, 3:19, 3:14. मधेच मंत्रिमंडळाने पोलिसांच्या 15,000 च्या आसपास जागा भरायला मंजुरी दिल्याची बातमी आली. दुसऱ्या दिवशी तिने 3:09 लावली.

दुखापतीतही उठायची वेळ मोडली नाही, एवढं एकच या दोन आठवड्यांत बरोबर केलं असेन.

19 ऑगस्ट, मंगळवार

धोधो. कोयनेचे दरवाजे उघडल्याच्या बातम्या. परत सुरुवात, 4 कि.मी., दुखलं नाही.

आज बुटांबद्दल, कारण माझ्या नावेच्या दोन नोंदींचं खरं कारण ओले बूट होतं हे मी वहीत "कंटाळा" असं लिहून लपवलंय. पहाटे पाचला गार, ओल्या, कुबट वासाच्या बुटात पाय घालणं याच्यासमोर कुठलंही भाषण टिकत नाही. उपाय: बुटातली गादी वेगळी काढायची, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, दोन तासांनी बदलायचे, रात्रभर फ्रिजच्या मागे ठेवायचे, तिथे ऊब असते. सासूबाई म्हणाल्या, देवाला निवेद काढायच्या दुधामागे बूट? त्यांचंही बरोबर. शेवटी सेलमध्ये 3,200 चा दुसरा जोड घेतला. आलटून पालटून वापरते. हा खर्च जूनमध्येच करायला हवा होता, इअरफोनच्या जागी.

27 ऑगस्ट, बुधवार

गणपती बसले. उकडीचे मोदक 51, त्यातले 6 माझ्या पोटात. धावणं नाही. वहीत नावेही लिहिलं नाही, सुट्टी लिहिलं. बँक हॉलिडेला किर्द नसते.

31 ऑगस्ट, रविवार

18 कि.मी., तयारीतलं सगळ्यात लांब आणि सगळ्यात रटाळ. दुखत काही नव्हतं, दमही नव्हता लागला, नुसता कंटाळा. अकराव्या कि.मी.ला अक्षरशः रडू आलं, कशाबद्दल ते सांगता येणार नाही. ऊस दोन्ही बाजूंनी, रस्ता सरळ, पाऊसही धड नाही. देवाचं नाव घेऊन बघितलं, पाढे म्हणून बघितले, 17 चा पाढा चुकला. शेवटी मोठ्याने स्वतःशी भांडले. ऑफिसात ज्यांना बोलता येत नाही त्या एकेकाला सुनावलं. तीन कि.मी. त्यात गेले. एक दूधवाला मोटरसायकल हळू करून बघून गेला.

याला उपाय म्हणून लिहीत नाही. पण संपलं खरं.

9 सप्टेंबर, मंगळवार

विसर्जन झालं. आता धावणं कमी करायचे दिवस, आणि उलटंच सुरू झालंय. पाचच्या आधी जाग येते. पाय वळवळतात. चार महिने जे मन बाहेर पडायला तयार नव्हतं ते आता घरात थांबायला तयार नाही. मोठ्या मुश्किलीने 4 वर थांबले. उरलेला वेळ स्टेडियमच्या पायरीवर. तिची 3:01.

शर्यतीचा दिवस

सुरुवातीलाच चूक. गर्दी, टाळ्या, लोक नावाने हाका मारतायत, त्या नादात पहिले तीन कि.मी. ठरवल्यापेक्षा बरेच जोरात गेले. समर्थ मंदिराशी ती उभी होती, आईला घेऊन. तशीच ओरडली जशी आमच्या जिन्याखाली ओरडते. आजूबाजूचे दचकले.

घाटात टोपी खाली ओढली. तरी दोनदा चालावं लागलं, सुरुवातीची उधळपट्टी वसूल झाली. एकदा मान वर करून बघितलं. वर रंगीबेरंगी बनियनांची रांग वळणावळणाने गेलेली. लगेच खाली बघितलं. उतारावर सगळे सुसाट सुटले, मी गुडघ्याला घाबरून बारीक पावलं टाकत, म्हाताऱ्या बाईसारखी आले. मला मागे टाकून गेलेले दोन-तीन जण शेवटच्या चार कि.मी.त पोटरी धरून उभे दिसले.

2 तास 41 मिनिटं. मनात 2:30 होतं. त्या अकरा मिनिटांतली निम्मी तरी पहिल्या तीन कि.मी.त गेली.

दोन दिवसांनी

हिशेब. बूट 4,999, दुसरा जोड 3,200, इअरफोन 1,799, फिजिओ 1,200, पट्टा 350, सहा वेळचं एसटीभाडं 120. एकूण 11,668. नोंदणीची फी नवऱ्याने भरली, ती धरलेली नाही. टोपी परत केली, ती आता त्याला नको आहे.

आज गजर लावला नव्हता. सव्वापाचला खालून हाक. मांड्या इतक्या भरल्यात की जिना तोंड भिंतीकडे करून, आडवं होऊन उतरले, एकेक पायरी, कठडा धरून. पहिल्या मजल्यावरच्या आजोबांनी दार उघडून बघितलं आणि काही न बोलता लावून घेतलं. चालत मैदानावर. घड्याळ लावलं.

800 मीटर, 2:58.